मडमिणीच्या दवाखान्याचा रंग

कृष्णात कांबळेनं आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून रंगवल्या. एक म्हणजे उद्यमनगरातल्या कारखान्यात तयार होणारी ऑईल इंजिनं आणि दुसरी, गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला मडमिणीचा दवाखाना. इंजिनं पगारासाठी रंगवली. दवाखाना उपकारापोटी. इंजिनं केव्हाच भंगारात गेली, कारखान्याच्या जागी मोटारींचं शोरूम आलं. म्हणून रिटायर झाल्यावर कुणी विचारलं, "मामा, काय केलंसा जन्मभर?" तर कृष्णात हनुवटीनं दवाखान्याकडं दाखवायचा.

आणि आता एक तिशीतली पोरगी त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून त्याला सांगत होती, "काका, राग मानू नका, पण ही भिंत तुमच्या रंगानं मरायला लागलीय."

दवाखाना म्हणजे काही राजवाडा नव्हे. काळ्या घडीव दगडाचं जोतं, दोन खोल्या, मधे एक जाडजूड भिंत, वर मंगलोरी कौलं आणि पुढं व्हरांडा. व्हरांड्याचे लोखंडी खांब इतके बारीक की कुणीतरी मडमिणीच्या छत्र्यांचे दांडे ओळीनं उभे केलेत असं वाटावं. दारावर दगडात १९०९ कोरलेलं. संस्थानाच्या काळात कुणी एक गोरी नर्स इकडं आली, गल्लीबोळात बाळंतिणी मरताना बघितल्या आणि हट्टाला पेटून हा दवाखाना बांधून घेतला, एवढीच काय ती माहिती. तिचं नाव गल्लीत कुणाला धड येत नव्हतं. जुनी माणसं आलीसबाई म्हणत. त्याहून जुनी माणसं इलायचीबाई म्हणत असत, असं ऐकिवात आहे. ती पुढं विलायतेला परत गेली की इथंच गेली, ह्यावर पानपट्टीवर अजून दोन तट आहेत.

बाळंतपणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पण पोरांच्या लसी आणि गरोदर बायकांची तपासणी तिथंच व्हायची. मग दोन हजार एकवीस सालचा महापूर आला. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, दवाखान्यात खिडकीच्या खालपर्यंत चढलं आणि निवांत मुक्काम करून गेलं. पूर ओसरला, गल्लीतली घरं सुकली, दवाखान्याची मधली भिंत मात्र सुकेना. फुगली. रंगाचे फुगे आले. फुगा फोडला की आतून पाणी गळायचं. सगळं छप्पर त्याच भिंतीवर बसलेलं. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह म्हणजे सडेतोड माणूस. त्यांनी दाराला कुलूप घातलं, लसी समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर हलवल्या आणि पाडायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून गडहिंग्लजची ही शांभवी बोलावून आणली. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिक्षण घेतलेली.

"रंगानं भिंत मरती व्हय?" कृष्णात म्हणाला. "लोखंडाला रंग लावला तर गंजत न्हाई. आन दगूड मरतोय म्हणं!"

"लोखंड पाणी पीत नाही काका. ही भिंत पिते. दगड, चुना, सगळं पाणी पितं आणि हवा लागली की सोडून देतं. पण तुम्ही दोन्ही बाजूंनी ऑईलपेंट चढवलाय, थरावर थर. पुराचं पाणी खालनं आत गेलं, आता त्याला बाहेर पडायला वाटच नाही." शांभवीनं जरा विचार केला. "भर पावसातला रेनकोट घालून गुऱ्हाळात चुलवाणापुढं उभं राहा. तसं झालंय हिचं."

विजयसिंह खांबाला टेकून ऐकत होते. "म्हणजे काय करायचं?"

"सगळा रंग खरवडून काढायचा. मग उन्हाळाभर दारं-खिडक्या उघड्या. भिंत अजून चांगली आहे दादा, मी दोनतीन ठिकाणी बघितलंय. सुकली तर शंभर वर्षं उभी राहील."

"न्हाई सुकली तर?"

शांभवीनं मापाची टेप गुंडाळायला घेतली.

"अक्षय तृतीयेपर्यंत बघतो," विजयसिंह म्हणाले. "सुकली तर ठेवू. न्हाईतर पावसाच्या आत उतरून घेतो आन स्लॅबचं बांधतो. मला काय हौस न्हाई पाडायची. पण पोटुशा बायका जिना चढून वर जात्यात, ते बघवत न्हाई मला."

मुदत ठरली. अडचण दुसरीच होती. आदल्याच आठवड्यात शांभवीनं रंग खरवडायला माणसं आणली होती आणि गल्लीतल्या बायकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. "आमच्या पोरांचा रंग हाय त्यो. कृष्णातमामाला इचारा. त्यो व्हय म्हणला तर हात लावा."

हे 'पोरांचा रंग' प्रकरण सुरू केलं होतं कृष्णातनंच.

त्याची निशा सातव्या महिन्यात झाली. इवलीशी. रडायचा आवाजसुद्धा मांजराच्या पिलासारखा. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणावं तर तेवढी वाट सोसण्यासारखी अवस्था नव्हती. तेव्हा इथं हिराबाई नर्स होत्या. सगळी गल्ली त्यांना हिराक्का म्हणायची. त्यांनी पोरीला कापसात गुंडाळलं, टोपलीत ठेवलं आणि टोपली मधल्या भिंतीला लावली, कारण भिंतीच्या पलीकडं पाणी तापवायची शेगडी असायची आणि तिची ऊब दगडातून झिरपून यायची. हिराक्का भिंतीला तळहात लावून बघायच्या, गार वाटली की शेगडीत कोळसे घालायच्या. आठवड्यांमागून आठवडे असं चाललं. निशा जगली. नुसती जगली नाही, गारगोटीच्या शाळेत शिकवताना तिचा आवाज आता शेजारच्या वर्गापर्यंत जातो, एवढी जगली.

निशाला घरी आणल्यावर कृष्णातला काही सुचेना. हिराक्कांना लुगडं दिलं, पेढे दिले, तरी छातीवरचं ओझं उतरेना. शेवटी त्यानं कारखान्यातून इंजिनाच्या हिरव्या रंगाचा डबा आणला आणि ती मधली भिंत झकास रंगवून काढली. त्याला जे येत होतं ते त्यानं दिलं. पुढच्या वर्षी पोरीच्या वाढदिवसाला आणखी एक हात मारला. मग शेजारच्या घरी पोरगा झाला, तो बाप म्हणाला, "किस्ना, आमच्या बी पोराचा एक हात मार की." बघता बघता रीतच पडली. दवाखान्यात पोर झालं की बारशाच्या आधी भिंतीला रंगाचा हात. रंग बापानं आणायचा, ब्रश कृष्णातचा. बाळंतपणं थांबल्यावरही लस टोचून घेतलेल्या पोरांच्या नावानं चालूच राहिलं.

त्या दिवशी कृष्णात घरी आला तो न जेवताच कॉटवर आडवा झाला. मीनाबाईनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

"काय म्हणली ती पोरगी?"

"म्हणली, मी मारली भिंत."

"तुमी?" मीनाबाई भाकरी थापता थापता थांबली. "तुमच्या रंगानं दगडाची भिंत मरती म्हणं! आदी कुणी सांगितलं असतं तर मी बी लग्नाचा इचार केला असता."

"चेष्टा नको करू मीने."

"मग काय रडू? उठा, दोन घास खावा आन हिराक्काकडं जावा. त्या दवाखान्याचं खरं-खोटं तिच्याशिवाय कोण सांगणार?"

कृष्णातला ते पटलं, आणि आतून जरा उभारीही आली. हिराक्का त्या भिंतीपाशी जन्मभर उठल्या-बसल्या होत्या. त्या नक्की म्हणणार, खबरदार त्या रंगाला कुणी हात लावाल तर. मग शांभवी असो नाहीतर आणखी कुणी.

हिराक्का मुलाच्या, मल्लेशच्या, गुळाच्या दुकानामागं राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, डोळे अजून सुईत दोरा ओवणारे. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं मराठीतही कानडीचा हेल. त्या उन्हाला बसून ज्वारी निवडत होत्या.

"बा, किसना, ये. बस. मल्लेशा, चहा सांग रे."

कृष्णातनं सगळं सांगितलं. भिंतीचं, पाण्याचं, रेनकोटचं, अक्षय तृतीयेचं. हिराक्का ज्वारीतले खडे वेचत ऐकत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "आता तूच सांग आक्का. तुझ्या डोळ्यादेखत लावलाय मी सगळा रंग. कुणाला काय तरास झाला व्हय त्या रंगाचा?"

हिराक्कांनी सूप खाली ठेवलं.

"लई वास यायचा रे."

"कशाचा?"

"तुझ्या रंगाचा. अय्यो! तू डबा घेऊन दारात दिसलास की मी कपाळाला हात लावायची. नव्या जिवाच्या नाकाला सोसतोय का त्यो वास? तू रंगवून गेलास की मी समद्या बाळंतिणी व्हरांड्यात काढायची. खांबांना चादरी बांधायच्या, शेगडी बाहेर आणायची. वास जाईस्तोवर व्हरांड्यातच दवाखाना. दर खेपंला!"

कृष्णातला वाटलं, आपण चुकीच्या घरात आलोय. "दर खेपंला?"

"मग? पोरं काय एकदाच व्हत्यात व्हय गल्लीत?"

"आन मला कधी बोलली न्हाईस?"

"बोलणार व्हते की. पहिल्याच खेपंला. त्वांड उघडलं, आन बघते तर तू पोरगीला खांद्यावर घेऊन भिंतीपुढं उभा. नाकाला रंग लागलेला. म्हणलास, आक्का, कसा दिसतोय?" हिराक्का हसल्या. त्यांचे दात केव्हाच गेले होते, त्यामुळं हसू तान्ह्या पोरासारखं दिसायचं. "तुझं त्वांड बघितलं आन म्हणलं, झकास. एकदा झकास म्हणल्यावर मागं कसं घ्यायचं?"

कृष्णात मान खाली घालून बसला. त्याला रडू यायला हवं होतं की हसू, तेच ठरेना. ही बाई त्याच्या पोरीसाठी रात्रंदिवस भिंत चाचपत बसली होती आणि त्याच्या कौतुकासाठी पुढची कितीतरी वर्षं दवाखाना उचलून व्हरांड्यात ठेवत राहिली. आणि तो? तो दर वेळी वाकून बघायचा, बाळंतिणी व्हरांड्यात दिसल्या की मीनीला सांगायचा, बघ, हिराक्का किती चांगली, पोरींना मोकळ्या हवेत बसवती.

"आधी काय असायचं भिंतीला?" त्यानं विचारलं.

"चुना. मला ज्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्या मडमेनं शिकवलेलं. ती म्हणायची म्हणं, दवाखान्याची भिंत पांढरीच पायजे. पांढऱ्यावर रगात लगेच दिसतंय, घाण लगेच दिसती. दर दिवाळीला चुना मारायचा. वास न्हाई, काय न्हाई." त्या पुन्हा ज्वारीकडं वळल्या. "काढून टाक, किसना. लई झाला आता. मी जिती हाय तवर एकदा त्या खोलीत वास घेतल्याबिगर बसू दे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांभवी व्हरांड्यात माप घेत होती तेव्हा कृष्णात आला. कमरेला जुना एप्रन, हातात लांबी-पुट्टी भरायची पाती, मागं मीनाबाई पाण्याची बादली घेऊन.

"माझा रंग हाय," तो म्हणाला. "मीच काढणार. तुमची माणसं आणा, पण माझ्या हाताखाली."

शांभवीनं एवढंच सांगितलं की कोरडा खरवडायचा नाही, पाणी मारून मारून काढायचा आणि तोंडाला फडकं बांधायचं, कारण जुन्या रंगात शिसं असतं. मग ती बाजूला झाली. तिलाही बघायचं होतं.

रंग निघायला लागला तसा गल्लीचा इतिहास बाहेर यायला लागला. पातीखाली एकेक थर सुटायचा, कडेला पट्टे दिसायचे. वर मोरपंखी, त्याखाली पिस्ता, मग आकाशी, मग लोकांनी ज्याला यष्टीचा लाल म्हणावं असा लाल. एक भगवट थर होता तो एका निवडणुकीनंतर उरलेल्या डब्यांतला, कुणाच्या प्रचाराचा ते सांगायला नको. दारात गर्दी जमली. ऋतुराजच्या आईनं गाजरी रंग ओळखला. "ह्यो आमचा! ह्याच्या बापानं लग्नाच्या मांडवातला उरलेला आणलावता, कंजूष." कुणी म्हणालं, "आमच्या स्वप्नालीचा कुठला ओ मामा?" आणि कृष्णातनं न बघता सांगितलं, "किरमिजी. लालाच्या खालचा थर. तुमी गुलाबी म्हणलासा आन मालकांनी किरमिजी आणला, तवा भांडलासा न्हाई का इथंच?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं किरमिजी पोपडा उचलून पदरात बांधला. शांभवीनं तो परत घेतला.

"शिसं आहे ताई त्यात. घरात लहान पोरं आहेत ना?"

"मग एवढी वर्सं काय व्हतं?" बाई म्हणाली. सगळे पुन्हा हसले. कृष्णात मात्र हसला नाही. त्यानं पाणी मारलं आणि पाती जोरात चालवली.

रोज सकाळी काम चालायचं. भिंतीचा वरचा भाग मोकळा झाला, मग कडा, मग दुसऱ्या खोलीची बाजू. राहिला फक्त एक तुकडा. शेगडीच्या पलीकडचा, खाली, टोपली ठेवायची त्या उंचीवरचा. तिथले वरचे सगळे थर निघाले होते आणि सगळ्यांत तळाला इंजिनाचा हिरवा तेवढा उरला होता. कृष्णात त्याला वळसा घालून काम करायचा. आज पाती बोथट आहे, आज बादली गळतेय, आज पाठ धरलीय.

शांभवीच्या ते ध्यानात आलं. "काका, तेवढा ठेवू या. भोवती लाकडी चौकट करू. जुन्या इमारतीत असा एखादा तुकडा ठेवतातच."

कृष्णातचे डोळे लकाकले. मग त्यानं तिथं हात लावून बघितलं. सगळ्या भिंतीत तिथंच सगळ्यांत जास्त ओल होती. शांभवीलाही ते ठाऊक होतं. तरी ती म्हणाली होती. कृष्णातला तिच्याविषयी एकदम माया वाटली.

"बघू," तो म्हणाला.

रविवारी गारगोटीहून निशा आली. घरात पिशवी टाकली आणि तडक दवाखान्यात.

"पप्पा, हे काय? सगळी भिंत मोकळी आन एवढंच का हिरवं?"

"तुझा रंग हाय त्यो."

"माझा?"

"पहिला. तू घरी आलीस तवाचा."

निशा खाली बसली. हिरव्या तुकड्यावर बोट फिरवलं, बोट ओलं झालं. तिनं ते ओढणीला पुसलं. 

"पप्पा, मी हाय की हितं. तुमच्यापुढं बसलीया, एवढी दांडगी. मग ह्या पोपड्याला का धरून बसलाय?"

"तसं न्हवं गं..."

"आणि उद्या छप्पर आलं खाली, तर माझ्या नावानं आलं म्हणतील गल्लीतली." तिनं बादलीतली पाती उचलली. "सरा."

"अगं, तशी न्हाई धरायची! चुन्यात घुसंल." कृष्णातनं तिच्या मुठीवर मूठ ठेवली, पाती आडवी केली. "अशी. निजवून. जोर मनगटाचा न्हाई, खांद्याचा."

शेवटचा हिरवा पोपडा सुटला तेव्हा त्यामागून थंडगार पाण्याची बारीक धार निघाली आणि दोघांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळली. मागं पांढरा चुना होता, जुना, मऊ, सायीसारखा. निशा म्हणाली, "ईऽ, गार हाय!" आणि हात मागं घेतला. कृष्णातनं घेतला नाही.

पुढचे महिने काही सुखाचे नव्हते. रंग गेला म्हणजे भिंत सुकली, असं कुठं असतं? दारं-खिडक्या सताड उघडल्यावर भिंत आतलं पाणी सोडू लागली आणि पाण्याबरोबर लोणा बाहेर पडू लागला. मिठाची पांढरी भुकटी सगळीकडं. शांभवी ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावायला सांगायची, तो वाळला की मिठासकट काढायचा, पुन्हा नवा. गल्लीतली रद्दी संपली. येणारे-जाणारे आत डोकावून चुकचुकायचे. "मामा, हिला गोवर आलाय." "मामा, आदी रंग तरी बरा दिसत व्हता." मल्लेश रोज हिराक्कांचा निरोप आणायचा, भिंत कशी हाय? जणू दवाखान्यात आजारी पडलेल्या माणसाची चौकशी. कृष्णात सांगायचा, "ताप उतरतोय म्हणावं."

अक्षय तृतीयेला विजयसिंह आले. शांभवीनं भिंतीला दोन टोकांचं ओल मोजायचं यंत्र लावलं. वरचा भाग कोरडा. मधला कोरडा. खालच्या भागात काटा हलला.

"म्हणजे सुकली न्हाई," विजयसिंह म्हणाले.

"पूर्ण नाही," शांभवी म्हणाली. खोटं बोलायची तिची जात नव्हती. "पण दर खेपेला कमी होतेय. ह्या गतीनं..."

"गती मला कळत न्हाई. पाऊस कळतोय."

कोपऱ्यात कृष्णात उभा होता. आतापर्यंत त्यानं बोलणं शांभवीवर सोडलं होतं. आता पुढं आला.

"दादा, दिवाळीनंतर तुमी हितं हात लावलावता. आठवतंय?"

"व्हय. ओला झालता. रुमाल खराब झाला."

"आता लावा. तिथंच, खाली."

विजयसिंहांनी पँट सावरत खाली बसून तळहात टेकवला. तसाच ठेवला. मग उलटा करून बघितला. हाताला मीठ लागलं होतं, पाणी नव्हतं. त्यांनी पुन्हा टेकवला, जरा वर, मग जरा बाजूला. आजारी माणसाचं कपाळ बघतात तसं चाललं होतं त्यांचं आणि ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम उठले.

"माझी धाकटी बहीण हितलीच," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "तिचा रंग कुठला व्हता रे कृष्णात?"

"आकाशी. तुमच्या वडलांनी सोता डबा आणून दिलावता."

"हं." त्यांनी हात झटकले. "ऱ्हाऊ दे भिंत. पण पावसाच्या आत बायका खाली आल्या पायजेत, सांगून ठेवतो. त्यांचं जिना चढणं मी बघितलंय."

ते गेले आणि शांभवीनं ते यंत्र इतक्या जोरात छातीशी धरलं की कृष्णातला वाटलं, आता मोडतंय. त्याला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. त्यानं फक्त म्हटलं, "चला, चुना भिजवू."

कळीचा चुना पिंपात घातला तेव्हा तो असा रटरटला की बघायला आलेले चार पावलं मागं सरले. मल्लेशनं चिकटपणासाठी गुळाची ढेप दिली, वर बजावलं, "मामा, मुंग्या आल्या तर आमच्या दुकानाचं नाव घेऊ नका." बरेच दिवस मुरल्यावर, गाळून, ताकाएवढा पातळ करून कृष्णातनं पहिला हात मारला आणि त्याचं तोंड उतरलं. भिंतीवर काही दिसेचना. नुसतं पाणी मारल्यासारखं. जन्मभर चकचकीत रंगाचा धनी, आणि ही असली फिकी, निर्जीव गोष्ट!

"शांभवी, हे फसलं गं."

"उद्या बघा काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. खोली उजळली होती. चकाकी नव्हती, पण खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर आपटून परत न फिरता तिच्यात बसल्यासारखं वाटत होतं. मागून शांभवी आली.

"एकच वाईट गोष्ट आहे काका. हा टिकत नाही. दर वर्षी नवा हात मारावा लागेल."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

कृष्णातनं वळून तिच्याकडं बघितलं. "मग त्यात वाईट काय हाय?"

लसीचा पहिला दिवस जूनच्या आधीच आला. बाकं नव्हती म्हणून बायका भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या. मल्लेशनं हिराक्कांना रिक्षातून आणलं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या बसल्या नव्या नर्सला तान्ह्याची मान कशी धरायची ते ऐकवायला लागल्या. नर्स आधी हसली, मग ऐकू लागली. मीनाबाई चहाचं बघत होती. पोरं टोचल्याबरोबर अशी काही बोंबलत होती की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून गेली.

कृष्णात व्हरांड्यात बसला होता. लस झालेली पहिली बाई बाहेर पडली, पोर खांद्यावर. तिच्या जांभळ्या साडीवर पाठभर पांढरा डाग. मग दुसरी, तिच्याही. तिसरी तर गगनबावड्याकडची, माहेरपणाला आलेली, अंगावर नवी कोरी इरकल. तिचीही पाठ पांढरी.

"पोरी, थांब. पाठीला चुना लागलाय. मीने, फडकं आण गं!"

तिनं मान वळवून मागं बघायचा प्रयत्न केला, पोर पुन्हा किंचाळलं, तिनं त्याला थोपटलं.

"असू दे मामा. पोरगं झोपू दे आदी."

ती गल्लीतून चालत गेली. वळणापर्यंत तो पांढरा डाग दिसत राहिला, मग तोही वळला. कृष्णात उठून आत गेला. ती बसली होती तिथं भिंतीचा चुना जरा पुसला होता, एका पाठीएवढा. त्यानं कोपऱ्यातली बादली ओढली, ब्रश बुडवून कडेला निथळला आणि शेजारच्या बाईला म्हणाला, "जरा सरा ताई, एवढा एक हात मारतो."